परसातील सोनचाफा : किती व कसा?

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील गावांत फिरताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो : सोनचाफा लावावा काय? हा प्रश्न दोन प्रकारची माणसे विचारतात. पहिल्या प्रकारचा शेतकरी वसई-विरारकडील एखादी बाग पाहून आलेला असतो. एकरभर चाफा लावावा, रोज पहाटे फुले दादरला धाडावी व भाताच्या तोट्यातून एकदाचे सुटावे, असा त्याचा बेत असतो. दुसरा प्रश्न घरातल्या गृहिणीचा. तिला देवापुढे ठेवावयास व केसांत माळावयास दारात एखादे झाड हवे असते. माझे मत असे आहे की, या दोघांपैकी गृहिणीचा विचार अधिक पक्का आहे. फक्त तिने एकावर न थांबता तीन ते पाच झाडे लावावीत, ती कलमी असावीत आणि जमिनीवर उभे राहून हात पोचेल एवढ्याच उंचीची ठेवावीत. असे मी का म्हणतो ते या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम झाडाची ओळख नीट पटली पाहिजे, कारण चाफा या एका नावाखाली आपल्याकडे अनेक वनस्पती वावरतात. देवळाच्या आवारात दिसणारा, पांढऱ्या फुलांचा व मोडताच चीक गळणारा देवचाफा हा मूळचा अमेरिका खंडातील आहे. फांदी तोडून लावली तरी तो जगतो, आणि त्यामुळे सोनचाफाही फांदीने लागेल अशी अनेकांची समजूत होते. हिरवा चाफा हा सीताफळाच्या कुळातला आधार शोधणारा वेल होय. नागचाफा आणखी वेगळा, त्याचे लाकूड लोखंडासारखे कठीण. शहरालगतच्या काही रोपवाटिकांत ताटलीएवढ्या पांढऱ्या फुलांचा हिमचंपा ठेवलेला असतो. तो मात्र सोनचाफ्याचा सख्खा नातलग, पण अमेरिकेच्या आग्नेय भागातून आलेला. सोनचाफा आपला आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानात तो आपोआप वाढतो, तसाच हिमालयाच्या पूर्वेकडील पायथ्याशी व आसामातही वाढतो. कर्नाटकात त्याला संपिगे म्हणतात, आणि बंगळुरूच्या मल्लेश्वरम् भागातील एका रस्त्याला त्याचेच नाव आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडाला पूर्वी मायकेलिया चंपका म्हणत. आता त्याची गणना मॅग्नोलिया या प्रजातीत होते व नाव मॅग्नोलिया चंपका असे लिहितात. जुन्या पुस्तकात एक नाव व नव्या पुस्तकात दुसरे आढळले तर गोंधळून जाऊ नये, झाड तेच आहे. हे कूळ फार प्राचीन. पृथ्वीवर फुले येणाऱ्या वनस्पतींच्या अगदी आरंभीच्या शाखांपैकी ते एक मानले जाते, आणि त्याच्या फुलांचे परागीभवन मुख्यतः लहान भुंगेरे करतात. भ्रमर चाफ्याकडे फिरकत नाही असा आपल्या संस्कृत कवींचा संकेत आहे. त्यांनी चाफ्याला त्याबद्दल बरेच टोमणेही मारले आहेत. पण ज्या फुलात मध नाही त्याच्याकडे मधाचा गिऱ्हाईक येईल कशाला?

या झाडाच्या रचनेतील एक गोष्ट मात्र शेतकऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी. हिमचंप्याचे फूल फांदीच्या टोकाला येते, तर सोनचाफ्याचे फूल पानाच्या बेचक्यात येते. म्हणजे जितकी कोवळी फूट अधिक, तितकी पाने अधिक व तितक्याच कळ्यांना जागा अधिक. छाटणीचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावलेले आहे व त्याकडे आपण पुढे येऊ.

रानातला सोनचाफा हा मोठा वृक्ष होय. चांगल्या जागी तो तीस मीटरपर्यंत जातो. त्याचे लाकूड सामानाला व कोरीव कामाला वापरतात. बियांपासून वाढविलेले रोप हाच स्वभाव घेऊन येते. ते आधी वर जाते, खोड धरते आणि फुलाचा विचार सात-आठ वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा करते. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला तेव्हापासून दर जुलैत रोपे वाटण्याची प्रथा आपल्याकडे रुजली आहे. ही प्रथा चांगलीच आहे. परंतु सोनचाफ्याचे बियांचे रोप परसबागेसाठी म्हणून वाटणे मला पसंत नाही. घरधनीण ते हौसेने चुलीच्या मागल्या बाजूस लावते. चार वर्षांत ते कौलांच्या वर जाते, पाचव्या वर्षी विजेच्या तारांना टेकते, मग वीज मंडळाची माणसे येऊन त्याचा शेंडा उडवितात, आणि या सर्व काळात तिला एकही फूल मिळालेले नसते. पुढे फुले आलीच तर ती उंच शेंड्याला येतात व आकडीने ओढताना निम्मी पाकळ्या होऊन खाली पडतात. काही मुले वर चढतात. चाफ्याची फांदी ठिसूळ असते, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते.

याकरिता परसात लावावयाचे ते कलमच लावावे. कलमासाठी खुंट सोनचाफ्याच्याच बियांच्या रोपाचा घेतात व त्यावर भरपूर फुलणाऱ्या जाणत्या झाडाची काडी बांधतात. काडी वयात आलेल्या झाडाची असल्यामुळे कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कळी धरते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील वेताळ बांबर्डे येथून पसरलेला 'वेलणकर' हा वाण आज कोकणभर परिचित आहे आणि बाजारात येणाऱ्या फुलांतही तो बराच असतो. तो आटोपशीर वाढतो व जवळजवळ बारमाही फुलतो. मात्र नाव सांगून कोणीही काहीही विकते. रोप घेताना पाटीवर विसंबू नये, बुंधा पाहावा. मातीपासून वीतभर उंचीच्या आसपास जोडाची गाठ दिसली पाहिजे, जोडाच्या वरचे व खालचे साल वेगळे ओळखू आले पाहिजे आणि जोड हलविल्यास तेथे फट दिसता कामा नये. कलम गुडघाभर उंचीचे असले तरी त्यावर कळी असेल तर ते छातीएवढ्या बिनकळीच्या रोपाहून चांगले. कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून पावती घेऊन रोप आणावे. पावतीचे महत्त्व चार वर्षांनी कळते. रस्त्याच्या कडेला टेम्पोतून विकत असलेले रोप स्वस्त पडते, एवढेच त्याचे समर्थन.

आता संख्येचा प्रश्न. सोनचाफा किती लावावा, हे जमिनीच्या क्षेत्रफळावरून ठरवू नये, मे महिन्यात घरात किती हंडे पाणी येते त्यावरून ठरवावे. आपल्या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तरीही होळीनंतर कित्येक वाड्यांतील बायाबापड्यांना पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते. डोंगराचे पाणी डोंगरावर थांबत नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्यात येते व त्याच्या काठची गावे उन्हाळ्यातही भात घेतात. अशा गावातल्या शेतकऱ्याला बांधावर वीस कलमे लावणे जड नाही. पाताळगंगेच्या काठावर ज्याचा पंप आहे त्याचेही तसेच. पण माथेरानच्या उतारावरची किंवा इरशाळगडाच्या कुशीतली वाडी ही राजनाल्याची वाडी नव्हे. तेथे पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक कलमाला एक दिवसाआड निदान एक हंडा पाणी लागेल असा हिशेब धरावा. पाच कलमे म्हटली की पाच हंडे. हे पाणी डोक्यावरून कोण आणणार, याचा विचार रोपे वाटणाऱ्याने वाटण्यापूर्वी केला पाहिजे.

गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. कातकरी वाड्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीवर बाहेरगावी जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या सहा महिन्यांत कलमाला माणसाची गरज असते त्याच सहा महिन्यांत घराला कुलूप असते. अशा घरी जुलैत पाच कलमे देऊन वाटपाचा आकडा भरतो खरा, पण जूनमध्ये पाहावयास गेल्यास तेथे पाच काड्या आढळतात. मग शेरा मारला जातो की, या लोकांना झाडांची आवड नाही. ज्यांनी रानातली प्रत्येक वेल नावाने ओळखावी त्यांच्याविषयी हा शेरा! त्या कुटुंबाला शेवगा, पपई किंवा पावसाळ्यातच हाताशी येणाऱ्या वेलभाज्या द्याव्यात. चाफा द्यावयाचाच असेल तर तो बारमाही वस्ती असलेल्या शेजारघराशी भागी ठरवून द्यावा. जेथे उन्हाळ्यात माणूस नाही तेथे चाफा नाही, असा साधा नियम आपण पाळला तर सरकारचा पैसा वाचेल व गरिबाची नाचक्कीही टळेल.

पाण्याची बचत करण्याचे उपाय घरातच आहेत. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी चाफ्याला चालते, साबणाचे चालत नाही. बुंध्यापासून हातभर अंतरावर बारीक भोक पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवल्यास पाणी मुळांशी झिरपते व उन्हाने उडून जात नाही. आळ्यात भाताचे तूस किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. आपल्याकडे पाचोळ्यावर राबाचा हक्क पहिला असतो, हे मला ठाऊक आहे. माघ-फाल्गुनात सारे अंगण झाडून तो राबात जातो. निदान चाफ्याच्या आळ्यातला पाचोळा तरी तेथेच राहू द्यावा, अशी गृहलक्ष्मीने घरधन्यास ताकीद द्यावी.

संख्येला दुसरी मर्यादा आहे ती हातांची. सोनचाफ्याचे फूल उजाडण्यापूर्वी, पूर्ण उमलण्याच्या आत खुडावे लागते. ऊन वर आले की पाकळ्या मागे वळतात, आणि एकदा मागे वळलेले फूल बाजारात कोणी घेत नाही. झेंडू दोन दिवस टोपलीत राहील, चाफा राहत नाही. म्हणजे बाग एकराची असली तर तीनशेसाठ पहाटा माणसे हवीत आणि त्या पहाटांना सुट्टी नाही. वसई व पालघरकडील बागायतदारांना हे जमते, कारण त्यांच्या कित्येक पिढ्या फुलांच्या व केळीच्या बागायतीत गेल्या आहेत, पहाटेच्या गाडीने दादर गाठणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे आणि तेथील दलालांशी त्यांचा जुना व्यवहार आहे. आपल्याकडचा शेतकरी भाताचा. त्याला चार महिने राबणे व मग इतर रोजगार पाहणे, अशी सवय आहे. तो आळशी आहे असे माझे म्हणणे नाही. पिकाची शिस्त निराळी आहे एवढेच.

बाजाराचाही विचार करावा. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी या दिवसांत चाफ्याला मागणी असते, तर मध्ये पितृपक्ष आला की फुलबाजार थंडावतो. झाडाला मात्र पंचांग कळत नाही, ते पितृपक्षातही फुलते. मुसळधार पावसात फुलांना डाग पडतात आणि रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले की पिशव्या फलाटावरच कोमेजतात. २०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी झाली. मंदिरे बंद झाली, फुलबाजार बंद झाले. महाराष्ट्रातील मंदिरे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली. मधल्या आठ महिन्यांत सगळी गुढीपाडव्यापासून नवरात्रापर्यंतची सणावळ निघून गेली. ज्याची सारी मदार एकरभर फुलांवर होती त्याने ते वर्ष कसे काढले असेल याची कल्पना करावी. ज्याच्या परसात चार झाडे होती त्याचे काय गेले? फुले देव्हाऱ्यात गेली, शेजारी गेली, काही मातीत गेली, आणि घर भातावर व भाजीवर चालले. चाफा हे पोटाचे पीक करू नये, हातखर्चाचे करावे, असे मी म्हणतो ते याकरिता.

मग चार झाडांची मूठभर फुले घेऊन कोणी दादरला जावे काय? एकट्याने जाऊ नयेच. कर्जत ते दादर हे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास आहे. खोपोलीकडून निघणाऱ्यास आणखी पंधरा. चार झाडांसाठी हा प्रवास वेडेपणाचा ठरेल. परंतु एका वाडीत दहा घरे असतील व प्रत्येकाच्या परसात चार कलमे असतील तर ती चाळीस झाडांची बाग झाली, आणि या बागेला कुंपण, गडी वा स्वतंत्र विहीर लागली नाही. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेत. गटातील एकीने आज, दुसरीने उद्या अशा पाळीने फुले गोळा करून न्यावीत. प्रत्येक घराची फुले मोजून वहीत लिहावीत, कारण चाफा संख्येवर विकला जातो, त्यामुळे वाटणीत वजनकाट्याचा वाद उद्भवत नाही. नेरळ, भिवपुरी, कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली अशी स्थानके आपल्या हद्दीत आहेत. जी वाडी स्थानकापासून चालत अर्ध्या तासावर आहे तिला हा व्यवहार साधेल, जिला आधी रिक्षा करावी लागते तिने रिक्षाचे भाडे वजा जाता काय उरते ते पाहावे. शिवाय प्रत्येक पिशवी दादरलाच गेली पाहिजे असे नाही. नेरळला माथेरानचे प्रवासी उतरतात, कर्जत-खोपोलीच्या बाजारात रोजची पूजा करणारी घरे आहेत. जवळच्या बाजारात भाव थोडा कमी मिळतो पण फूल ताजे पोचते, आणि त्याच दिवशी बाई घरी परतून शेतावर जाऊ शकते.

लागवडीविषयी सांगावयाचे तर आपल्या भागात सोनचाफा दुष्काळापेक्षा पाण्याने अधिक मरतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांतून वाचलेले झाड तिसऱ्या पावसाळ्यात पिवळे पडते, पाने गाळते व गणपतीपर्यंत वाळते. शेतकरी म्हणतो, रोग पडला. माती उकरून पाहिल्यास मुळे काळी व कुजलेली आढळतात. भाताच्या खाचरात किंवा खाचराच्या पातळीवरच्या परसात पाणी आठ-आठ दिवस हटत नाही, तेथे चाफ्याची मुळे श्वास घेऊ शकत नाहीत. म्हणून जागा उताराची, मुरमाड-तांबड मातीची निवडावी. वरकस जमिनीच्या कडेचा भाग उत्तम. सपाट परसच असेल तर खड्ड्यात कलम लावूच नये. साठ सेंटीमीटरांचा खड्डा घेऊन तो कुजलेले शेणखत व चांगली माती यांनी भरावा, वर गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा उंचवटा रचावा आणि कलम त्या उंचवट्यावर लावावे. पावसाळ्यात आळे मोडून पाण्याला वाट करून द्यावी, दसऱ्यानंतर आळे पुन्हा बांधावे. कलमाचा जोड मातीखाली कधीही जाऊ देऊ नये. दोन कलमांत तीन मीटर अंतर पुरते. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत लावल्यास पाने हिरवीगार होतील, फूल मिळणार नाही. निदान अर्धा दिवस ऊन अंगावर यावयास हवे. पहिला पाऊस होऊन माती ओलावली की जूनच्या अखेरीस लावावे, काठीचा आधार द्यावा आणि शेळ्यांपासून राखावे. शेळीविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

छाटणीला मात्र पुष्कळ लोक बिचकतात. देवाच्या झाडाला कोयता कसा लावावा, असा भाव त्यामागे असतो. त्यांना मी बेचक्यातल्या फुलाची गोष्ट समजावून सांगतो. कलम कमरेइतके झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून तीन-चार फांद्या सुटतात. त्या हातभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. अशा रीतीने झाड छत्रीसारखे पसरते व प्रत्येक नवी फूट कळ्या घेऊन येते. पुढे दरवर्षी पाऊस ओसरल्यावर, कोरडा दिवस पाहून, उंच गेलेल्या फांद्या डोक्याच्या उंचीवर कापाव्यात. भर पावसात काप घेऊ नये, जखमेतून कुजण्यास वाव मिळतो. जाड कापावर बोर्डो मलम लावावे. जोडाच्या खालून फूट आली तर ती लगेच काढून टाकावी. ही फूट बियांच्या खुंटाची असते, फार जोमाने वाढते, आणि मालक तिच्या जोमावर खूश असतानाच वरचे कलम उपाशी मरते. काही ठिकाणी कलम लावले व आठ वर्षे फूल आले नाही अशा तक्रारी येतात, त्यांतील पुष्कळ झाडांची कथा हीच असते.

किडींचे म्हणाल तर परसातल्या चार झाडांसाठी फवारणीचा पंप पाठीला लावण्याचा प्रसंग क्वचितच यावा. कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आली की मुंग्यांची रांग लागते. या मुंग्या किडीच्या राखणदार असतात, म्हणून प्रथम त्यांचा रस्ता तोडावा. किडलेली फूट काढून जाळावी, निंबोळी अर्काची फवारणी द्यावी. पाने कुरतडणारी गुळगुळीत हिरवी अळी दिसली तर तिला मारण्याची घाई करू नये. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेली, क्षणभरही स्थिर न राहणारी जी चपळ फुलपाखरे अंगणात येतात त्यांपैकी एकीची ती असण्याचा संभव असतो. सोनचाफा, अशोक, सीताफळ यांच्या पानांवर ती वाढते. दोन-चार पाने गेली तर झाडाचे काही बिघडत नाही. शिवाय जे फूल केसांत माळावयाचे व मुलांच्या नाकाशी न्यावयाचे त्यावर विष मारणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

एक गोष्ट मनात घोळते ती लिहितो. आपल्या तालुक्यांत शहरातील मंडळींनी जमिनी घेऊन बंगले बांधले आहेत व त्यांच्या बागा राखण्याचे काम गावचेच तरुण करतात. हे तरुण कलम बांधणे, छाटणी करणे, ठिबकची नळी जोडणे हे सर्व तेथे शिकतात. परक्या देशांतील झाडे नावासकट त्यांच्या ओळखीची होतात. संध्याकाळी मात्र ते ज्या घरी परततात त्या घराच्या परसात गवत असते. ज्या हाताने मालकाचा हिमचंपा फुलविला त्या हाताने आपल्या आईच्या दारात एक सोनचाफा फुलवू नये काय? अशा तरुणांना हुडकून काढून त्यांच्याकडून वाडीतील कलमांची पहिली छाटणी करवून घ्यावी. अधिकाऱ्याच्या प्रात्यक्षिकापेक्षा गावच्या पोराने केलेली छाटणी लोक अधिक विश्वासाने पाहतात.

बियांच्या रोपाविरुद्ध मी इतके लिहिले, त्यावरून त्याला गावातून हद्दपार करावे असा अर्थ कोणी घेऊ नये. एकाच वाणाची सारी कलमे ही वास्तविक एकाच झाडाची अंगे होत. एकाला जो रोग मानवतो तो सर्वांना मानवतो. बियांतून आलेले प्रत्येक झाड मात्र वेगळे निपजते. कुणाचे फूल फिकट पिवळे, कुणाचे केशरी, कुणाचा बहर लवकर, कुणाचा उशिरा. उद्याचा चांगला वाण याच भिन्नतेतून निवडावा लागेल. म्हणून परसात कलम असावे, परंतु देवळाच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, गावठाणातल्या मोकळ्या जागी, तारांपासून दूर असे एक बियांचे झाड प्रत्येक गावाने मनसोक्त वाढू द्यावे. जुने मोठे झाड असेल तर ते तोडू देऊ नये.

त्या झाडाची फळे घोसाने लागतात व पिकल्यावर तडकून आतून लाल गराच्या बिया डोकावू लागतात. पक्षी व मुंग्या त्यांवर टपलेल्याच असतात, तेव्हा फळे तडकू लागताच सकाळी घोस उतरवावा. लाल गर राखेत चोळून पाण्याने स्वच्छ धुवावा व बी सावलीत केवळ पाणी निथळेपर्यंत ठेवून लगेच पेरावे. हे बी डब्यात भरून पुढच्या जूनपर्यंत ठेवल्यास त्यातून काही उगवत नाही. माती, वाळू व शेणखत यांच्या मिश्रणात बोटाच्या पेराएवढे खोल पेरून सावलीत ओलावा राखावा. पेन्सिलीएवढ्या जाडीची झालेली ही रोपे कलमाचे खुंट म्हणून उपयोगी पडतात. एखाद्या बचत गटाने अशी पन्नास रोपे तयार केली तर कलमे बांधण्यास शिकविण्याची व्यवस्था तालुका कृषी कार्यालयाकडे मागावी. मागणी लेखी व पावसापूर्वी यावी.